दुर्बिणीतल्या तारा: लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी रेटिकल कसे निवडावे

जमिनीचा उंचसखलपणा मोजणाऱ्या डम्पी लेव्हल या यंत्राच्या दुर्बिणीत डोकावले की एक उभी आणि तीन आडव्या तारा दिसतात. मधली आडवी तार उंची सांगते, तर वरची आणि खालची मिळून अंतर सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या कालव्यांच्या मोजणीवर माझी सगळी नोकरी या तारांकडे पाहण्यात गेली. त्यामुळे न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या पुतण्याने फोनवर, "काकाजी, रायफलच्या दुर्बिणीत रेटिकल कोणतं घेऊ?" असे विचारले, तेव्हा ज्याने आयुष्यात बंदूक हातात धरली नाही अशा माणसाला तो हे का विचारतो आहे, ते मला कळेना. त्याने पाठवलेली चार रेटिकलची, म्हणजे नेम धरायच्या खुणांची, चित्रे पाहिल्यावर मात्र उलगडा झाला. ती सारी आमच्या लेव्हलमधल्या तारांचीच भावंडे होती. कोणी साधे, कोणी दागिन्यांनी मढलेले.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण हा लेख विदर्भात वाचला जाणार आहे. आपल्याकडे हौसेची शिकार कायद्याने बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाल्यानंतर परवान्याने शिकार करण्याची वाटही उरली नाही. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांच्या बाबतीत कलम ११ खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण ती त्या प्राण्यापुरती आणि त्या प्रसंगापुरती असते. ती शिकारीची मुभा नव्हे. पऱ्हाटीत आणि तुरीत रानडुकरे व रोही शिरतात म्हणून जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याची चीड खरी आहे, परंतु पीकरक्षणासाठी शस्त्र कायद्यात जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची, आणि तिला दुर्बीण लावणे म्हणजे खाचराला आरसे लावण्यासारखे आहे. न्यूझीलंडचे प्रकरण निराळे आहे. वटवाघळे सोडली तर त्या देशात जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी नाही. हरणे, बकऱ्या, ससे सारे बाहेरून आणलेले. आपल्या हिमालयातला ताहर हा बकरीसारखा प्राणी तिथे १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला, आणि जो प्राणी इथे संरक्षित आहे तोच तिथल्या डोंगरउतारावरची वनस्पती खाऊन संपवतो म्हणून त्याची संख्या मारून आटोक्यात ठेवावी लागते. ताहर कड्याकपारींत राहतो आणि तो पुष्कळदा दरीच्या पलीकडच्या अंगाला दिसतो. लांबून नेम धरण्याचा प्रश्न तिथे त्यामुळेच येतो.

रेटिकल म्हणजे दुर्बिणीच्या आत, प्रतिमा जिथे तयार होते त्या जागी बसवलेली खूण. जुन्या उपकरणांत तिथे कोळ्याच्या जाळ्याचा धागा ताणून बसवीत असत, कारण इतका बारीक, तरीही मजबूत आणि एकसारखा धागा दुसरा मिळत नसे. पुढे बारीक धातूच्या तारा आल्या आणि आता काचेवर कोरलेल्या रेघा असतात. काचेवर कोरण्याचा फायदा असा की रेघेला दोन्ही टोकांना आधार लागत नाही. मधोमध एकटा ठिपकाही ठेवता येतो. आमच्या भागाला या तारांचा इतिहास नवा नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तो विल्यम लॅम्बटन अर्ध्या टनाचे थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र घेऊन उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला, आणि त्याची कबरही तिथेच आहे. त्याच्या दुर्बिणीतल्या फुलीचे आणि माझ्या पुतण्याच्या रायफलीतल्या फुलीचे काम तत्त्वतः एकच: डोळ्याला कोन मोजता यावा.

कोन, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रेटिकलवरच्या खुणा सेंटिमीटर दाखवीत नाहीत, कोन दाखवतात. त्याची दोन चलने बाजारात आहेत. पहिले मिल, म्हणजे मिलिरेडियन. हा कोन १०० मीटरवर १० सेंटिमीटर व्यापतो, २०० वर २० आणि ३०० वर ३०. थोडक्यात, अंतराचा हजारावा भाग. दुसरे एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग. तो १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर आणि १०० यार्डांवर एका इंचापेक्षा किंचित जास्त, १.०४७ इंच, व्यापतो. एका मिलमध्ये साधारण ३.४४ एमओए बसतात. यातले कोणते अधिक अचूक, हा वाद निरर्थक आहे. मीटर अचूक की फूट, असे कोणी विचारत नाही. ज्याचे डोके इंच आणि यार्डांत चालते त्याला एमओए सोयीचे, आणि ज्याचे मीटर व सेंटिमीटरमध्ये चालते त्याने मिल घ्यावे. न्यूझीलंडमध्ये सारा कारभार मीटरमध्ये असल्यामुळे पुतण्याच्या बाबतीत हा निर्णय एका मिनिटात झाला.

खरे जपण्याजोगे दुसरेच आहे. दुर्बिणीच्या डोक्यावर आणि बाजूला ज्या फिरवायच्या खुंट्या असतात, ज्यांना टरेट म्हणतात, त्याही याच चलनात असल्या पाहिजेत. रेटिकल मिलमध्ये आणि टरेटची प्रत्येक टकटक पाव एमओएची, अशा दुर्बिणी पूर्वी सर्रास मिळत आणि आजही जुन्या मालात सापडतात. गोळी अर्धा मिल खाली पडली हे डोळ्याने दिसते, पण खुंटी किती टकटक फिरवायची यासाठी भागाकार करावा लागतो, आणि तो पहाटेच्या थंडीत बोटे गारठलेली असताना चुकतो. दोन्ही मिलमध्ये असतील तर अर्ध्या मिलसाठी ०.१ मिलच्या पाच टकटका, इतका सरळ हिशेब.

आता या खुणांचा उपयोग काय, ते पाहू. गोळी नळीतून निघाल्याक्षणापासून खाली पडू लागते. .३०८ या प्रचलित काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटते असे धरले आणि नेम १०० मीटरवर बसवला (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर फुलीवर लागेल असे केले), तर ३०० मीटरवर ती नेमापासून साधारण ४५ सेंटिमीटर खाली लागते, म्हणजे दीड मिल. ४०० मीटरवर हाच फरक एक मीटरच्या पुढे जातो, म्हणजे सुमारे पावणेतीन मिल. अंतर सव्वापट-दीडपट वाढले म्हणून घसरण तेवढ्याच पटीने वाढत नाही, ती झपाट्याने वाढते. ही घसरण भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत: एकतर टरेट फिरवून फुलीच हलवायची, नाहीतर टरेटला हात न लावता फुलीखालची दीड मिलची खूण जनावरावर ठेवायची. पहिला मार्ग सावकाश पण नेमका आहे. दुसरा झटपट आहे आणि त्यासाठीच रेटिकलवर खुणा लागतात.

त्यामुळे निवडीचा पहिला प्रश्न चित्राचा नसून पल्ल्याचा आहे. ज्याला २००-२५० मीटरच्या पुढे गोळी टाकायचीच नाही, त्याला खुणांची गरज नाही. नेम २०० मीटरवर बसवला तर अशा गोळीची वाट मध्ये पाच-सात सेंटिमीटर वर आणि २५० मीटरला दहा-बारा सेंटिमीटर खाली, एवढ्यातच राहते. कडेला जाड आणि मध्यभागी बारीक अशी साधी फुली, जिला डुप्लेक्स म्हणतात, तिथे पुरून उरते. युरोपात मचाणावर बसून पहाटे आणि सांजवेळी शिकार करणारे लोक तीन जाड खांबांचे 'जर्मन नंबर चार' रेटिकल पसंत करतात, त्याचेही कारण हेच: पल्ला थोडा, उजेड कमी. पुतण्याचे म्हणणे होते की त्याला ४०० मीटरपर्यंत जायचे आहे. मी त्याला विचारले की सरावाच्या मैदानावर ४०० मीटरवर दहापैकी किती गोळ्या ताटाएवढ्या गोलात बसतात. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, तीनशेवर बसतात. मग रेटिकल तीनशेचे घ्यायचे, असे आमचे ठरले.

तीनशे मीटरला खुणांचे रेटिकल लागते, आणि इथून निवड अवघड होते, कारण दुकानदार सर्वांत भरगच्च चित्र सर्वांत आधी दाखवतो. फुलीखाली देवळाच्या शिखरासारखी पसरत जाणारी ठिपक्यांची माळ असते. प्रत्येक आडव्या ओळीत वाऱ्यासाठी ठिपके असतात. आडव्या वाऱ्याचा प्रश्न खोटा नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० मीटरवर आधी सांगितलेल्या .३०८ च्या गोळीला सुमारे २० सेंटिमीटर बाजूला नेतो, आणि ताहराच्या छातीचा विचार केला तर तो फरक प्राणघातक जखम आणि नुसती जखम यांतला फरक ठरतो. पण त्या माळेतला नेमका ठिपका घाईत शोधावा लागतो, आणि या बाबतीत मला स्वतःची एक चूक सांगावीशी वाटते. एका वितरिकेच्या लेव्हलिंगमध्ये सकाळभराची रीडिंग घेऊन झाल्यावर हिशेब जुळेना. मागे मागे जात तपासले तेव्हा लक्षात आले की एका ठिकाणी मी मधल्या तारेऐवजी वरच्या तारेवर रीडिंग घेतले होते. स्टाफ, म्हणजे समोर उभी धरायची आकडे आखलेली पट्टी, ४२ मीटरवर होता आणि चूक नेमकी २१ सेंटिमीटरची निघाली. सगळा टप्पा पुन्हा मोजावा लागला, आणि त्या दिवशी स्टाफ धरणाऱ्या माणसाने दुपारचा डबा माझ्याशी एक शब्द न बोलता खाल्ला. माझ्या दुर्बिणीत आडव्या तारा अवघ्या तीन होत्या. ज्या रेटिकलमध्ये शंभर ठिपके आहेत, त्यात धडधडत्या छातीने बरोबर ठिपका सापडेल असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते. स्पर्धेत ठराविक अंतरावरच्या लोखंडी पाट्यांवर, पुन्हा गोळी झाडण्याची सोय असताना, ही माळ उपयोगी पडत असेल. शिकारीसाठी मी अर्ध्या-अर्ध्या मिलच्या साध्या आडव्या रेघा आणि दर पूर्ण मिलला थोडी लांब रेघ, एवढेच सुचवीन.

बीडीसी नावाचा एक प्रकार मधला मार्ग असल्याचे भासवतो. त्यात खुणा मिलच्या नसून थेट अंतराच्या असतात. ही २०० ची, ही ३०० ची, ही ४०० ची. वापरायला सोपे, यात शंका नाही. पण त्या खुणा एका विशिष्ट गोळीसाठी, एका विशिष्ट वेगासाठी आणि एका विशिष्ट हवेसाठी आखलेल्या असतात. डोंगरात उंचावर हवा विरळ होते, तापमानाने तिची घनता बदलते, काडतुसाचा मेक बदलला की वेग बदलतो, आणि खुणा तशाच राहतात. अशा रेटिकलची प्रत्येक खूण स्वतःच्या रायफलीने, स्वतःच्या काडतुसाने मैदानावर तपासून "ही खूण माझ्याकडे २८० मीटरची आहे" असे वहीत लिहून ठेवले, तर ते चांगले काम देते. तपासण्याची तयारी नसेल तर ते घेऊ नये.

यापुढचा मुद्दा सर्वांत जास्त फसवणारा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा. प्रतिमा लहानमोठी करता येणाऱ्या दुर्बिणीत रेटिकल दोनपैकी एका जागी बसवलेले असते. पहिल्या प्रतलात, म्हणजे प्रतिमा मोठी करणाऱ्या भिंगांच्या पुढे, बसवले असेल तर प्रतिमेबरोबर रेटिकलही लहानमोठे होते. चौपट ठेवा की सोळापट, एक मिलची खूण एक मिलच राहते. दुसऱ्या प्रतलात, म्हणजे त्या भिंगांच्या मागे डोळ्याच्या बाजूला, बसवले असेल तर प्रतिमा फुगते-आकसते आणि रेटिकल डोळ्याला कायम तेवढेच दिसते. मग खुणा फक्त एकाच वर्धनावर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या. सोळापटीला खरी असलेली दीड मिलची खूण आठपटीवर तीन मिल होते. ३०० मीटरवर ४५ सेंटिमीटर घसरणीसाठी ती खूण धरणाऱ्याचा नेम ९० सेंटिमीटरचा होतो आणि गोळी जनावराच्या पाठीवरून निघून जाते. आमच्या लेव्हलमध्ये वर्धन बदलतच नाही, त्यामुळे हा प्रकार मला आधी समजला नव्हता. पुतण्याने मोबाइलचा कॅमेरा दुर्बिणीला लावून वर्धनाचे कडे फिरवून दाखवले, आणि समोरच्या कुंपणाचे खांब खुणांच्या मधून सरकत जाताना दिसले, तेव्हा समजला.

मग पहिले प्रतल घ्यावे, असे म्हणून मोकळे होता येईल का? पूर्णपणे नाही. पहिल्या प्रतलातले रेटिकल कमी वर्धनावर इतके बारीक होते की झुडपाच्या पार्श्वभूमीवर फुली दिसतच नाही, आणि जवळचे जनावर, कमी उजेड व कमी वर्धन हे तिन्ही नेमके एकत्र येतात. त्यावर उपाय म्हणजे कडेच्या पट्ट्या चांगल्या जाड असलेले रेटिकल निवडणे, म्हणजे मधला भाग दिसेनासा झाला तरी त्या पट्ट्या डोळ्याला मध्याकडे नेतात. मध्यावर प्रकाशणारा ठिपका असेल तर बरे, पण त्याचा उजेड अगदी मंद करता आला पाहिजे. रात्रीच्या मोटारीच्या दिव्यासारखा लखलखणारा ठिपका सांजवेळी जनावरालाच झाकून टाकतो. ज्याला फक्त टरेट फिरवूनच काम करायचे आहे आणि खुणा क्वचित वापरायच्या आहेत, त्याने दुसऱ्या प्रतलाचे ठळक, स्वच्छ रेटिकल घेतले तर त्यात काही चूक नाही. मात्र खुणा वापरताना वर्धनाचे कडे ठरलेल्या आकड्यावर आहे की नाही, हे त्याला दर वेळी पाहावे लागेल.

अंतर मोजण्याबद्दलही थोडे सांगतो, कारण तिथे माझा धंदा आड येतो. आमच्या लेव्हलमध्ये वरच्या आणि खालच्या तारेच्या रीडिंगमधला फरक १०० ने गुणला की अंतर मिळते; १.६४५ वजा १.२२५ म्हणजे ०.४२०, आणि स्टाफ ४२ मीटरवर. त्या दोन तारांमधले अंतर म्हणजे बरोबर १० मिल. रायफलच्या रेटिकलनेही तसेच करता येते: जनावराच्या छातीची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला हजाराने गुणायचे आणि ती जितके मिल व्यापते तितक्यांनी भागायचे. ४५ सेंटिमीटरची छाती दीड मिल व्यापत असेल तर अंतर ३०० मीटर. फरक एवढाच की माझा स्टाफ कारखान्यात आखलेला असतो आणि जनावराची छाती तशी नसते. तीच छाती प्रत्यक्षात ४० सेंटिमीटरची असेल तर खरे अंतर २६७ मीटर निघते, आणि ३०० धरून झाडलेली गोळी आठ-दहा सेंटिमीटर वर जाते. म्हणून अंतरासाठी लेझरचे यंत्र घ्यावे आणि रेटिकलने अंतर काढणे हे बॅटरी संपल्यावरचे शस्त्र समजावे. दरीपलीकडचे जनावर खूप वर किंवा खूप खाली असेल तर तिरके अंतर न धरता आडवे अंतर धरावे, कारण घसरण मुख्यतः त्यावरच ठरते. बहुतेक नव्या यंत्रांत ती सोय असते.

रेटिकल कितीही चांगले असले तरी ते डोळ्यासमोर स्वच्छ दिसले पाहिजे. आम्हा मोजणीवाल्यांची पद्धत अशी: दुर्बिणीच्या पुढच्या भिंगासमोर पांढरा कागद धरायचा, दुसरे काही पाहायचे नाही, आणि डोळ्याकडचे भिंग फिरवत तारा काळ्याकुळकुळीत होईपर्यंत जायचे. नंतर लक्ष्याचा फोकस. तो झाल्यावर डोके किंचित वरखाली हलवून पाहायचे. तारा लक्ष्यावरून सरकत असतील तर फोकस अजून बसलेला नाही. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. रायफलच्या दुर्बिणीतही हीच चाचणी लागू पडते, फक्त रिकाम्या रायफलीने आणि आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहून. आणि जनावर शोधायचे असेल तर हातातली साधी दुर्बीण वापरायची, रायफलीची नव्हे. झुडपामागे हललेले काहीतरी कदाचित माणूस असतो.

शेवटी पुतण्याने पहिल्या प्रतलाची, मिल-मिलची, अर्ध्या मिलच्या रेघांची आणि कडेला जाड पट्ट्या असलेली दुर्बीण घेतली. ती बसवल्यावर मी त्याला एक काम सांगितले. १०० मीटरवर एक पाटी उभी करायची, तिच्यावर ओळंबा सोडून एक मीटर लांबीची उभी रेघ काढायची आणि ती रेघ रेटिकलच्या उभ्या तारेवर ठेवायची. तार ओळंब्याला समांतर नसेल तर दुर्बीण तिरकी बसली आहे, आणि तिरकी दुर्बीण वर-खालीच्या प्रत्येक दुरुस्तीबरोबर गोळीला थोडी बाजूला नेते. दुसरे म्हणजे, रेघेची लांबी बरोबर १० मिल भरली पाहिजे. त्याने फोटो पाठवला: तार सरळ होती, पण १० मिलच्या खुणेत रेघेचे ९८ सेंटिमीटरच बसत होते, आणि तो दुर्बीण परत करायला निघाला होता. मी त्याला विचारले की १०० मीटर कशाने मोजले. पावलांनी, असे उत्तर आले. टेप लावल्यावर पाटी ९८ मीटरवर निघाली.